छोट्या हत्तीत मावेल एवढं स्वयंपाकघर

प्रकरण नाशिकच्या एका जोडप्याचं आहे. ती माझी भाची, तो आमचा जावई. दोघांनी लिहायला मोकळेपणाने परवानगी दिली, फक्त नावं नकोत म्हणाले. तो सिव्हिल इंजिनिअर. समृद्धी महामार्गाच्या कामावर लागला आणि पुढे कंपन्या बदलल्या तरी रस्ता तोच राहिला. काम सरकेल तसा संसार सरकला: वाशीम, जालना, संभाजीनगर आणि मग नाशिक. ती घरूनच छोट्या दुकानदारांचे जीएसटीचे हिशेब बघते, त्यामुळे गाव बदललं तरी तिचं काम सुटत नाही. साइटवरच्या मेसचं जेवण त्याला सोसत नाही, म्हणून रोजचा डबा आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक घरीच.

नाशिकला ते पाथर्डी फाट्याकडे भाड्याने राहिले. तो रोज इगतपुरीला जाऊन येऊन करायचा. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला, साइटवरची माणसं पांगली, आणि पावसाळा सरता सरता त्याला सोलापूरकडचं काम मिळालं. म्हणजे पाचवं घर.

"मावशी, सामान कमी करायचंय, पण स्वयंपाक कमी करायचा नाहीये," असं भाची म्हणाली तेव्हा मला ते फार पटलं. सारखं घर बदलणाऱ्यांना जो तो उलटा सल्ला देतो. दोन ताटं, दोन वाट्या, एक कुकर ठेवा, बाकीचं बाहेरून मागवा. असं तात्पुरतं जेवत आयुष्याची ऐन वर्षं काढायची का? त्यांना थालीपीठ हवं, बाजरीची भाकरी हवी, होळीला पुरणपोळी हवी. प्रश्न एवढाच होता की हे सगळं होईल असं स्वयंपाकघर किती लहान करता येतं.

आधीचा अनुभव चांगला नव्हता. संभाजीनगरहून नाशिकला येताना एका टेम्पोत सामान मावलं नाही, दुसरा करावा लागला. काचेच्या शेगडीला तडा गेला. पाणी शुद्ध करायचं यंत्र इथल्या भिंतीवर बसवून घेण्यात पैसे गेले आणि चार दिवसही गेले. म्हणून या वेळी तिने हिशेबाच्या सवयीने एक वही केली. स्वयंपाकघरातली प्रत्येक वस्तू तिच्यात लिहिली आणि वापरली की पुढे खूण करायची, असं गणपतीपासून दिवाळीपर्यंत चालवलं. हा काळ मुद्दाम निवडलेला, कारण मोदकपात्र आणि सोऱ्या एरवीच्या महिन्यात पाहिले तर निरुपयोगीच वाटणार.

सुरुवातीला दोघांचा विचार सरळ होता: जड ते देऊन टाकायचं, हलकं ते न्यायचं. जावईबापूंनी बॅगा तोलायचा हुकाचा काटा आणला आणि पिशव्या भरभरून सगळं वजन केलं. फ्रिज सोडला तर सगळं स्वयंपाकघर मिळून क्विंटलभरही भरलं नाही. आता छोटा हत्ती, म्हणजे टाटांचा २००५ साली आलेला तो एस टेम्पो, साधारण पाऊण टन वाहून नेतो. वजनाने तो भरणारच नव्हता. भरत होता तो आकारमानाने, कारण मागचा हौदा जेमतेम सात फूट लांब आणि पाच फुटांच्या आत रुंद असतो. आदल्या खेपेला दुसरा टेम्पो लागला तो प्लॅस्टिकचे मोठे डबे, दांड्यांची पॅनं, फोमची गादी आणि एकावर एक न बसणारे टब यांच्यामुळे. म्हणजे भाडं दिलं ते भांड्यांच्या पोटातल्या हवेचं. लोखंडी तवा दोन चादरींच्या मधे सरकतो, त्याला जागा म्हणावी अशी लागतच नाही.

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच. घर बदलणाऱ्याने वजनाला भिऊ नये. वस्तू दुसऱ्या वस्तूच्या पोटात जाते का, ती भिंतीला धरून आहे का, आणि नव्या गावात दुसऱ्या दिवशी मिळेल का, हे विचारावं. पुढचे निर्णय बहुतेक यातूनच निघाले.

तवे आणि कढई

पहिलं नाव तव्याचं, आणि त्यावर दोघांचं एकमत होतं. घरात दोन तवे आहेत. एक पत्र्याचा लोखंडी, भाकरी-पोळीचा. दुसरा बिडाचा, थालीपीठ, धिरडी, डोसे यांच्यासाठी. बिडाच्या तव्याला तेलाचा हात देऊन तापवत राहिलं की तेलाचा एक पातळ, कडक थर त्यावर बसत जातो, आणि तो थर बाजारात विकत मिळत नाही. वाशीमला आणलेल्या या तव्यावर आज पीठ घालून धिरडं काढलं तरी कडा सुटून येते. नवा तवा सोलापुरातही मिळेल, पण तो असा व्हायला कितीतरी महिने जातील. म्हणून 'दुसऱ्या दिवशी मिळेल का' या प्रश्नाचं उत्तर तव्याच्या बाबतीत नाही असंच येतं.

नॉनस्टिक पॅन तिने दिलं. दांडी आडवी येते, त्यात काही ठेवलं तर लेप ओरखडतो, आणि लेप गेला की पॅनच गेलं.

लोखंडाला वाटेत दोनच भीती, ओल आणि आपटणं. पाथर्डी फाट्याच्या घरात पावसाळ्यात ओट्याखाली ओल यायची, कढईला आठवड्यात तांबूस गंज दिसायचा. तिची रीत अशी: धुतल्यावर पुसून न थांबता कढई मंद आचेवर पूर्ण कोरडी करायची, गरम असतानाच तेलाचं बोट फिरवायचं, गार झाली की वर्तमानपत्रात गुंडाळायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच बांधायची नाही, आतली वाफ आतच राहते. बिडाचं आणखी एक आहे. पत्र्याचा तवा पडला तर फार तर वाकेल, बीड पडलं तर तडकतं. त्यामुळे बिडाचा तवा उभा, गोधडीच्या घडीत, टेम्पोच्या कडेला.

भांडी बाजारातली दुपार

लग्नात आलेल्या आहेराची स्टीलची भांडी अजून बरीच होती. एका मापाचे तांबे, झाकण नसलेले डबे, कडीची पातेली. ती घेऊन आम्ही रविवार कारंजावरून सराफ बाजाराच्या अंगाने भांडी बाजारात गेलो. गोदावरीला मोठा पूर आला की सराफ बाजाराबरोबर इथेही पाणी शिरतं. तरी दुकानं तिथेच पाय रोवून आहेत, आणि जुनी भांडी वजनावर मोडीत घालून नवी घ्यायची रीतही टिकून आहे.

मोडीत घालताना जावई अडला. भांड्यांवर नावं कोरलेली. कुणा आत्याचं, कुणा मित्रमंडळाचं, लग्नाची तारीख. दोघांनी तिथेच पायरीवर बसून निवड केली. आजीने दिलेला गडू आणि तिच्या आईचं नाव असलेलं ओगराळं परत पिशवीत गेलं, बाकीचं काट्यावर. मला हे योग्य वाटलं. देणाऱ्याची आठवण सोळा तांब्यांत वाटली जाऊन पुसट होते, रोज हातात येणाऱ्या एका ओगराळ्यात ती जास्त टिकते.

बदल्यात घेतली ती बिनकानाची, बिनदांड्याची, सपाट बुडाची पाच पातेली, एकात एक बसणारी. आपल्या जुन्या पातेल्याला दांडी नसते, त्यामुळे ते आतल्या भांड्याला सामावून घेतं. उचलायला एक सांडशी पाचांना पुरते. झाकण्याही पाच घेतल्या नाहीत; दोन मोठी ताटं कुठल्याही पातेल्यावर बसतात आणि जेवायलाही होतात.

दुकानात जाताना तिने पर्समध्ये फ्रिजवरचं लोहचुंबक नेलं होतं. इंडक्शनवर भांडं तापायचं तर त्याचं बूड चुंबकाला चिकटलं पाहिजे. नुसत्या ॲल्युमिनियमचं भांडं त्यावर तापत नाही, आणि चांगल्या प्रतीचं काही स्टीलही चुंबकाला धरत नाही. दुकानदाराने पहिल्यांदा काढलेल्या संचातली तीन पातेली अशी निघाली. भाड्याच्या घरात आधी इंडक्शन आणि मग गॅस असा क्रम असतो, तेव्हा ही पारख दुकानातच झालेली बरी.

कुकर एकच, पाच लिटरचा, आत डबे बसणारा. घरगुती कुकरला आयएसआय मार्क २०२१ पासून सक्तीचा आहे, तो पाहिलाच; पण तिची खरी कसोटी वेगळी आहे. ज्या कंपनीची गास्केट तालुक्याच्या गावातही मिळते तोच कुकर. वाशीमला असताना गास्केट फाटली होती आणि त्या मापाची मिळेना, तेव्हापासून एक जादा गास्केट आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह कुकरच्या पोटातच बांधलेला असतो. शिट्टीही तिथेच. मिक्सरचंही तसंच: भांड्याखालचा कपलर झिजतो आणि तो नेमका सणाच्या आदल्या दिवशी तुटतो, म्हणून दोन जादा कपलर चटणीच्या भांड्यात.

मिसळणाचा डबा भरलेलाच जातो. वाट्यांवर एक कापडी घडी, वर झाकण, वरून रबर. मोहरी हळदीत गेली नाही अजून.

भिंतीला धरून असलेलं सामान

इथे कात्री जोरात चालली. पाण्याचं आरओ यंत्र विकलं. नाशिकला महापालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून येतं आणि ते जड नाही. आरओची खरी गरज जालन्याच्या बोअरच्या पाण्याला होती. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत असं भारतीय मानक आहे. जावयाने क्षार मोजायचं छोटं मीटर घेतलंय, पेनएवढं. नव्या गावात पहिल्या दिवशी पाणी मोजायचं. क्षार जास्त निघाले तर महिन्याच्या भाड्याने आरओ मिळतो, कमी असले तर स्टीलचा कँडल फिल्टर पुरतो. मीटर जंतू दाखवत नाही, आणि कँडलवरही सगळा भरवसा टाकू नये, म्हणून पावसाळ्यात पाणी उकळणं आहेच. स्टीलच्या फिल्टरचे दोन भाग सुटे होतात. वरच्यात डाळींच्या पिशव्या, खालच्यात चमचे-डाव.

चिमणी नवीन भाडेकरूला दिली. पडद्यांच्या दांड्या आता दाबाने अडकणाऱ्या, भिंतीला भोक न पाडणाऱ्या. भोकं पाडली की अनामत परत मिळताना वाद होतात, आणि अकरा महिन्यांच्या करारात असे वाद दर वर्षी अंगावर कोण घेणार!

शेगडी स्टीलची, दोन बर्नरची घेतली. नाशिकच्या काही भागांत पाइपचा गॅस आला आहे, यांच्या इमारतीत मात्र सिलिंडरच होता. पाइपच्या नैसर्गिक वायूला बर्नरच्या जेटचं छिद्र मोठं लागतं. सिलिंडरची शेगडी तशीच जोडली तर ज्योत दुबळी येते, आणि पाइपवरची शेगडी जेट न बदलता सिलिंडरला लावणं तर धोक्याचं. जेट बदलायचं काम मेकॅनिकचंच. नवीन घर पाहतानाच तिथे कुठला गॅस आहे हे विचारून घ्यायला हवं.

सिलिंडर गावाबरोबर जात नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीकडे जमा करायचे, अनामत परत घ्यायची, ट्रान्सफर व्हाउचर घ्यायचं आणि नव्या गावात त्यावर चालू दराने अनामत भरून जोडणी घ्यायची. कागद हातात असला तरी मधे काही दिवस जातात. त्या दिवसांसाठी इंडक्शन, किंवा ओळखपत्रावर मिळणारा पाच किलोचा छोटा सिलिंडर.

ज्यावर एकमत झालं नाही

ओव्हनवरून दोघांची चांगलीच वादावादी झाली. तो रविवारी नानकटाई आणि पाव करतो. तिच्या वहीत ओव्हनपुढे खुणा कमी, आणि ओव्हन म्हणजे रिकामं खोकंच. तोडगा त्यानेच काढला: ओव्हनच्या आत काचेच्या बरण्या टॉवेलमध्ये गुंडाळून रचल्या आणि दार दोरीने बांधलं. जागा वाया गेली नाही, बरण्याही सुरक्षित. वहीतल्या खुणांवरून सगळं ठरवू नये असं मला तेव्हा वाटलं. आठवड्यातून एकदा घरभर सुटणारा भाजल्याचा वास परक्या गावात मोलाचा असतो, आणि नवऱ्याने स्वयंपाकघरात हौसेने उभं राहणंही.

पाटा-वरवंटा मात्र माझ्याकडे राहिला. वजनाचं भय नव्हतं, पण वर्षभरात एकदाही लागला नव्हता. चटणी-ठेच्याला लोखंडी खलबत्ता आहे, तो सोबत गेला. चिनी मातीची लोणच्याची बरणीही माझ्याकडेच. लोणचं मी इथे घालते, ते छोट्या बरणीतून घेऊन जातात. घडीची विळी गेली, कारण नारळ खवायला दुसरं काही तिला चालत नाही. मोदकपात्र दिलं, चाळणी आणि मोठं पातेलं मिळून मोदक होतात हे या गणपतीत तिने करून पाहिलं होतं. पोळपाट पायांचं होतं ते बदलून बिनपायांचं घेतलं.

पितळी पातेल्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. ते त्याच्या आजीचं, जाड बुडाचं, बासुंदी आणि पुरणाच्या डाळीसाठी वापरलेलं. आतली कल्हई उडालेली. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो, म्हणून ते दोन गावं नुसतंच माळ्यावर हिंडलं होतं. भाचीला ते द्यायचं होतं, जावई गप्प होता. मी म्हटलं, आधी कल्हई करू, मग ठरवा. नाशिक तांब्या-पितळेच्या भांड्यांचं जुनं गाव; तांबट लेनकडे विचारत गेलं की कल्हई करणारा अजून सापडतो. भांडं तापवून नवसागर टाकला, धूर निघाला, कथील फिरवलं आणि कापसाच्या बोळ्याने पाहता पाहता आत चांदीसारखी झळाळी आली. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे कल्हईचं भांडं रिकामं आचेवर विसरू नये, आणि त्यात तळण तर नकोच. त्या रात्री तिने त्यात दूध आटवलं. ते इंडक्शनवर चालत नाही, म्हणून गॅस मिळेपर्यंत थांबावं लागणार होतं. पण ते सगळ्यांत मोठं होतं आणि स्टीलची पाचही पातेली त्याच्या पोटात बसली. पातेलं गेलं.

परातीचा निर्णय चुकला. मोठी परात देऊन तिने लहान ठेवली होती. सोलापूरला सासू-सासरे राहायला आले, ज्वारीची भाकरी दोन्ही वेळा होऊ लागली, आणि लहान परातीत पीठ मळताना ते बाहेर सांडायला लागलं. तिथे नवी घ्यावी लागली. मोठी परात खोक्याच्या तळाशी सपाट बसली असती, जागाही घेतली नसती.

बाकी घराचं थोडक्यात. फोमची गादी देऊन कापसाच्या, गुंडाळता येणाऱ्या दोन गाद्या केल्या. लोखंडी कपाट विकलं, घडीचं टेबल ठेवलं. कपडे धुण्याचं यंत्र समोरून उघडणारं आहे. ते हलवताना आतला ड्रम धरून ठेवणारे बोल्ट लावावे लागतात. ते त्यांनी पहिल्या दिवसापासून मॅन्युअलसोबत जपले होते, म्हणून बरं झालं. फ्रिज उभाच नेला, पोचल्यावर काही तास बंद ठेवून मग सुरू केला.

पोचल्यावर

एक टेम्पो पुरला. फुटलं म्हणावं तर एक कप. सगळ्यांत शेवटी चढवलेलं आणि सगळ्यांत आधी उतरवलेलं खोकं पहिल्या रात्रीचं होतं: इंडक्शन, दोन पातेली, सांडशी, गाळणं, मिसळणाचा डबा, तेलाची बाटली, पोहे, चहा-साखर, सुरी आणि कोरडं फडकं.

अडलं ते इंडक्शनपाशी. दोन हजार वॉटच्या शेगडीला सोळा अँपिअरचा पॉइंट लागतो, आणि नव्या घरात तो फक्त बाथरूममध्ये, गीझरसाठी होता. ओट्याजवळचे सगळे पॉइंट सहा अँपिअरचे. त्या रात्री पोहे शेजाऱ्यांच्या गॅसवर झाले. दुसऱ्या दिवशी वायरमनने नवी जाड वायर ओढून पॉइंट बसवला, त्याचे पैसे यांनाच द्यावे लागले. वहीच्या शेवटच्या पानावर आता घर पाहतानाची यादी आहे. पुढच्या वेळी ओट्याजवळ सोळा अँपिअरचा पॉइंट नसेल तर तो घरमालक बसवून देणार का, हे भाडं ठरवण्याआधी विचारायचं, असं तिने सगळ्यात वर लिहिलंय.